कोणाच्या हातचे विमान

अमेरिकेत एखाद्या गृहस्थाने आपल्या गॅरेजात विमान बांधले, तर रीतसर तपासणीनंतर त्याला ते उडवता येते. मात्र आत शिरायच्या दाराजवळ किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत 'एक्स्पेरिमेंटल' हा शब्द त्याला रंगवून घ्यावा लागतो. शिवाय आत, प्रवाशाच्या नजरेस पडेल अशा जागी, आणखी एक पाटी असते: हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांसाठी असलेले सुरक्षेचे नियम ते पुरे करत नाही, अशा अर्थाची. मराठीच्या प्राध्यापकाला या इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द शोधावा लागत नाही. 'प्रायोगिक' म्हणताच छबिलदासचे सभागृह, मोजके प्रेक्षक आणि अपुरा प्रकाश डोळ्यांसमोर येतो. अर्थही फार दूरचा नाही. अशा विमानातून भाडे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. तिकीटविक्रीला मनाई असलेली ही रंगभूमीच. फरक एवढाच की नाटकाचा प्रयोग पडला तर दुसऱ्या दिवशी कोणाला खांदा द्यावा लागत नाही.

हा शब्द आमच्या घरात आला तो भाच्यामुळे. भाचा ओरेगॉन राज्यातल्या हिल्सबरो या गावी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत अभियंता आहे. मोठ्या ताईचा मुलगा, त्यामुळे आमच्या वयात दहाच वर्षांचे अंतर. तरी तो मला 'मामा, तुम्ही' म्हणतो, कारण ताईने लहानपणी तसेच वळण लावले. चार वर्षांपूर्वी त्याने तिकडे वैमानिकाचा खाजगी परवाना काढला. तो, त्याची बायको आणि दोन मुली, एक नऊ वर्षांची, एक सहा. एकूण चार माणसे. म्हणून चार आसनांचे विमान. आता प्रश्न असा पडला की कारखान्यात तयार झालेले घ्यावे, की सुट्या भागांचा संच मागवून आपल्या हाताने जोडावे. विमानातले मला काही कळत नाही हे त्याला ठाऊक आहे. तरीही त्याने मला विचारले, आणि का विचारले ते मला जरा उशिराने, अण्णांच्या अंगणाचा विषय निघाल्यावर उमगले.

त्याच सुमारास लातूरहून ताईचा फोन आला. "आरं, कारखान्यातलं घे म्हणावं त्याला. घरी केलेलं लोणचं बरं, इमान कसलं घरी करायलाय! पोरींना घेऊन बसणार हाय त्यो त्यात." ताई विमानाला 'इमान' म्हणते. तिच्या तोंडी तो उच्चाराचा भाग आहे, पण या साऱ्या प्रकरणात इमानाचा प्रश्न होता खरा. कारागिराने आपल्या कामाशी राखायचे ते इमान.

आधी व्यवहाराचे पाहू. कारखान्यातले म्हणजे बहुधा सेस्ना 172. हे विमान 1955 साली पहिल्यांदा उडाले आणि आजवर 44,000 हून अधिक नग निघाले. जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान तयार झालेले नाही. नवे घ्यायचे तर चार लाख डॉलरच्या वर पैसे मोजावे लागतात, म्हणजे नोकरदार माणसाने विषयच सोडावा. तेव्हा पर्याय राहतो तो 1970 च्या दशकातल्या जुन्या विमानाचा, साधारण लाखभर डॉलरचा. संचातले म्हणजे व्हॅन्स कंपनीचे आरव्ही-10. ही कंपनी हिल्सबरोपासून तासाभराच्या अंतरावर, अरोरा या गावी आहे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या माणसाच्या आद्याक्षरांवरून विमानांना 'आरव्ही' हे नाव पडले. चार आसनी आरव्ही-10 पहिल्यांदा 2003 साली उडाले. ॲल्युमिनियमचे भोके पाडलेले पत्रे, हजारो रिव्हेट, नकाशांची जाडजूड वही असे सगळे पेट्यांतून घरी येते. इंजिन, पंखा आणि उपकरणे वेगळी घ्यायची. खर्च दोन लाख डॉलरच्या पुढे जातो आणि मेहनत दोन हजार तासांच्या वर. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी करायचे म्हटले की पाच-सहा वर्षे सहज.

मग कोणी शहाण्याने संच का घ्यावा? कारण तयार होणारे विमान सेस्नाहून कितीतरी सरस असते. सेस्ना ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते, आरव्ही-10 तीनशेच्या वर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वजन. चार आसनांच्या विमानात चार माणसे बसतात हा आपला समज. सेस्ना 172 मध्ये इंधनाच्या टाक्या पूर्ण भरल्या तर चार प्रौढ माणसे बहुधा नेता येत नाहीत. एक तर माणूस उतरवावा लागतो, नाहीतर इंधन. भाच्याच्या मुली आज लहान आहेत म्हणून हिशेब जमतो. आणखी आठ वर्षांनी जमणार नाही. आरव्ही-10 मध्ये चौघे मोठे, त्यांचे सामान आणि पुरेसे इंधन मावते. म्हणजे मुली लहान आहेत तोवर सेस्ना बरी आणि त्या मोठ्या होतील तेव्हा आरव्ही. आणि गंमत अशी की आरव्ही तयार होईपर्यंत त्या मोठ्या झालेल्याच असणार.

ताईचा मुद्दा मात्र वेगाचा किंवा वजनाचा नव्हता. तिचा कारखान्यावर विश्वास होता आणि तो समजण्यासारखा आहे. आमच्या ढोकीत कारखाना म्हटले की तेरणा साखर कारखाना; आमच्या लहानपणी गावाची घड्याळे त्याच्या भोंग्यावर लागत. जे कारखान्यातून येते ते मोजून, तपासून, शिक्का मारून येते, ही आमच्या पिढीची धारणा तिथून आली असावी. पण विमानाच्या बाबतीत या धारणेला एक विचित्र छेद जातो. अमेरिकेत छोट्या विमानांच्या अपघातांवरून उत्पादकांवर इतके दावे लागले की सेस्ना कंपनीने 1986 साली आपली लहान, एका इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. 1994 साली तिथल्या काँग्रेसने कायदा केला की अशा विमानाला 18 वर्षे झाली, की अपघाताबद्दल उत्पादकाला सहसा जबाबदार धरता येणार नाही. त्यानंतर, 1996 पासून, सेस्ना 172 पुन्हा तयार होऊ लागले. आता भाच्याच्या नजरेतले विमान 1970 च्या दशकातले, म्हणजे माझ्याहून वयाने मोठे. त्याच्यामागचा कारखाना कायद्यापुरता केव्हाच बाजूला झालेला आहे. मधल्या पन्नास वर्षांत कोणाकोणाच्या हातांनी ते उघडले, जोडले, कुठे गंज खरवडला आणि कुठे नुसता रंग फासला, हे एका जाड नोंदवहीवर विश्वास ठेवून मान्य करायचे. मी ताईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग जुनं घर घेतल्यागत झालं म्हणायचं." तंतोतंत.

उलट संचातून बांधलेल्या विमानाचा निर्माता कायद्याने कोण, तर बांधणारा. विमानावर धातूची एक छोटी पट्टी बसवावी लागते. तिच्यावर उत्पादक म्हणून व्हॅन्सचे नाव येत नाही, बांधणाऱ्याचे येते. क्लाइड सेस्ना नावाच्या कॅन्ससच्या शेतकऱ्याचे आडनाव जसे चव्वेचाळीस हजार विमानांवर गेले, तसे भाच्याचे आडनाव एका विमानावर जाईल. हे ऐकून मी क्षणभर हरखलो हे लपवत नाही. पण आडनावाबरोबर जबाबदारीही येते. उद्या हे विमान त्याने विकले आणि परक्या माणसाच्या हातून ते पडले, तरी उत्पादक म्हणून बोट त्याच्याकडे वळू शकते.

साहित्याच्या माणसाला येथे कर्तेपणाचा जुना प्रश्न दिसतोच. संचातले विमान बांधणारा हा लेखक नव्हे. आकार दुसऱ्याने कल्पिलेला, भोके दुसऱ्याने पाडलेली. मला तो अनुवादकासारखा वाटतो: मूळ रचना त्याची नाही, पण प्रत्येक वाक्याचा सांधा त्याच्या हाताचा आहे आणि सांधा निखळला तर मूळ लेखकाला कोणी विचारत नाही. अमेरिकन नियमही काहीसा असाच विचार करतो. बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असला पाहिजे. आणि ते पटवून देण्यासाठी रोजच्या कामाची नोंद आणि छायाचित्रे ठेवावी लागतात. थोडक्यात, वाङ्मयचौर्य केलेले नाही याचे प्रतिज्ञापत्र.

लेखक म्हणावा असा माणूस आपल्याकडे आहे. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. संच नाही, रचनाही स्वतःची. 2016 साली 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले. 2017 साली त्याची नोंदणी झाली आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. गच्चीपासून धावपट्टीपर्यंतच्या या प्रवासात बांधणीइतकाच कागदांचा भाग मोठा होता. मला या गोष्टीचे मोल गिरगाव चौपाटीवरच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्या 1895 सालच्या दंतकथेहून कितीतरी जास्त वाटते. आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की कोणीतरी तळपदे आणि 'वैमानिक शास्त्र' काढतोच. त्या ग्रंथातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 सालीच दाखवून दिले आहे. यादवांचे विमान मात्र पत्र्याचे आहे, त्याला नोंदणी क्रमांक आहे. आणि संचाचेच उदाहरण हवे तर केरळचे अशोक तामराक्षन: इंग्लंडमध्ये राहणाऱ्या या अभियंत्याने टाळेबंदीच्या काळात 'स्लिंग' या दक्षिण आफ्रिकी कंपनीचा चार आसनी संच दीडेक वर्षात जोडला, आणि मुलीच्या नावावरून विमानाला 'जी-दिया' म्हटले. 2022 साली हे कुटुंब त्यातून हिंडते आहे अशी छायाचित्रे सगळीकडे छापून आली. भाच्याने ती मला पाठवली होती. मी ती ताईला दाखवली नाही.

न दाखवण्याचे कारण आकडे. घरी बांधलेल्या विमानांच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण कारखान्यातल्या विमानांपेक्षा जास्त आहे, हे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 सालच्या अभ्यासात स्पष्ट मांडले. त्यातला एक तपशील मला विशेष बोलका वाटला. हे अपघात विमान नवे असताना, अगदी पहिल्या काही उड्डाणांत जास्त होतात. आणि पुन्हा, विमान दुसऱ्याला विकले गेल्यावर, त्या नव्या मालकाच्या पहिल्या उड्डाणांत. म्हणजे दोष नुसता रिव्हेटचा नाही. यंत्र आणि माणूस यांची अजून ओळख झालेली नसते. म्हणूनच सुरुवातीचे 25 ते 40 तास अशा विमानात प्रवासी बसवायचा नाही, ठरलेल्या हद्दीतच उडायचे, असा दंडक आहे.

परवान्यापूर्वी तपासनीस येतो. आरसा आणि विजेरी घेऊन तो विमानाच्या पोटात डोकावतो, सांधे बघतो, कागद बघतो. भाच्याने त्याचे वर्णन केले तेव्हा मला आमच्या शेजारच्या तेरचे गोरोबाकाका आठवले. संतांच्या मेळ्यात थापटी घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारत, कोणते मडके भाजले आणि कोणते कच्चे हे पारखणारे. नामदेवांना कच्चे ठरवण्याची ती कथा आम्ही दर वर्षी वर्गात सांगतो, आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतो, की गोरोबांची परीक्षा कोणी घेतली. कारखान्याला हा प्रश्न विचारता येतो, तसा संचाच्या कंपनीलाही. 2023 साली असे उघडकीला आले की व्हॅन्सने लेसरने कापलेल्या काही भागांच्या भोकांना तडे जातात. बदलून द्यायच्या भागांचा डोंगर झाला, कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली, किमती वाढवून 2024 साली त्यातून बाहेर आली. हौशी माणूस सांधतो तो पत्राही शेवटी कुठल्यातरी कारखान्यातूनच येतो.

आता अण्णा. आमचे वडील सुतार. बाभळीची बैलगाडी करणारे. गाडीचे चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसणारे परिघाचे वाकडे तुकडे, आणि या सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईतो तापवायची, फुगली की चौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि तत्क्षणी पाणी ओतायचे. धूर, वाफ, जळक्या लाकडाचा वास, आणि आकसणाऱ्या लोखंडाखाली एकेक सांधा करकरत मिटत जायचा. त्या आवाजावरून अण्णा चाक पास की नापास ते सांगत. दुसरे प्रमाणपत्र नव्हते. पण गाडी गावातच चालायची, आणि चढाला आरा मोडला तर कोणाच्या हातचे चाक आहे हे सांगायला पाटी लागत नसे.

मी कळता झालो तोवर उसाच्या वाहतुकीला टायरच्या गाड्या आल्या होत्या. लोखंडी सांगाडा, बेअरिंगवर फिरणारी रबरी चाके. बैलांना निम्म्याने हलकी आणि ओझे दुप्पट. अण्णांनी त्या गाड्यांना कधी नावे ठेवली नाहीत. बैलाचे हाल वाचले, म्हणायचे. पुढे त्यांच्याकडे त्या गाड्यांच्या फळ्या ठोकण्याचे आणि जुन्या चाकांच्या डागडुजीचे काम उरले. भाचा सुट्टीत आजोळी यायचा तो याच काळात. तो अण्णांच्या हाताखाली पटाशी, रंधा द्यायला बसे. मला त्या अंगणातून बाहेर पडून पुस्तकांकडे जायची घाई होती. त्याला तिथेच बसायचे असे. तो प्रश्न मला का विचारत होता, ते हे. अण्णा आता नाहीत, आणि त्यांच्या वतीने बोलू शकणारा दुसरा कोणी त्याला सुचला नसावा.

बार्शी लाइट रेल्वेचाही येथे उल्लेख करायला हवा, कारण ती आमच्या मुलखाची. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी धावलेली आणि 1911 साली लातूरला पोचलेली ही अडीच फुटी गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची. तिच्यावर आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले. कॅलथ्रॉपच्या उत्तरायुष्याविषयी मात्र कमी बोलले जाते. रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स त्याचा मित्र. जुलै 1910 मध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून तो गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागला. पहिल्या महायुद्धापर्यंत त्याची 'गार्डियन एंजल' नावाची छत्री तयार होती. ब्रिटिश वैमानिकांना लढाईत ती सरसकट कधी दिली गेली नाही. छत्री असली तर माणूस विमान वाचवायची धडपड करण्याऐवजी उडी मारेल, अशी एक भीती त्यामागे सांगितली जाते. लढाईबाहेर, शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला मात्र ती वापरली गेली.

हे मी भाच्याला फोनवर सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या त्या रेल्वेवाल्या साहेबाची छत्री आता अख्ख्या विमानाला लावतात." विस्कॉन्सिनमधल्या क्लॅपमायर बंधूंनी 1980 च्या दशकात सिरस या नावाने विमानाचा संचच विकायला सुरुवात केली होती. त्यांपैकी ॲलन क्लॅपमायर 1985 साली हवेतल्या एका टकरीतून वाचला. दुसऱ्या विमानाचा वैमानिक वाचला नाही. पुढे भावांनी संचाचा नाद सोडला आणि कारखाना काढला. 1998 साली प्रमाणित झालेल्या त्यांच्या चार आसनी एसआर-20 मध्ये संकटकाळी ओढायचा एक दांडा असतो. तो ओढला की रॉकेटने छत्री वर जाते आणि सबंध विमान, आतल्या माणसांसकट, तिला लटकून खाली येते. संच ते कारखाना असा उलटा प्रवास केलेली ही माणसे. ताईला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मग त्येच घे म्हणावं की." त्याची किंमत मी तिला रुपयांत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही.

माझे मत मी भाच्याला लिहून कळवले. मी जुन्या सेस्नाच्या बाजूने होतो आणि अजूनही आहे. कारण सुरक्षेचे नाही. आकडे समोर असूनही मला त्याच्या हाताचा भरवसा वाटतो. कारण तासांचे आहे. दोन हजार तास कुठून येणार? ते त्या दोन मुलींच्या संध्याकाळच्या जेवणातून आणि रविवारांतून येणार. विमान तयार होईल तेव्हा थोरली पंधरा वर्षांची असेल आणि त्या वयाच्या मुलीला बापाबरोबर कुठेही जायचे नसते, विमानानेसुद्धा. अण्णांचे अंगण घरातच होते. काम करताना आम्ही त्यांच्या पायात घुटमळायचो. गॅरेज तसे होईल की नाही हे विमानाच्या कंपनीवर अवलंबून नाही.

त्याचे उत्तर दोन ओळींचे आले. "मामा, रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून बंदूक धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडाचा ठोकळा टेकवायचा. आत लहान हात बरा पडतो." सोबत एक छायाचित्र होते. या संचांची एक बरी सोय अशी की पूर्ण विमान एकदम मागवावे लागत नाही. लोक आधी नुसते शेपूट मागवतात, हात बसतो का ते पाहतात, मग पंख, मग धड. त्याने शेपूट मागवले होते. थोरली कानांना मोठे गोल कानपट्टे लावून पत्र्याच्या मागे ठोकळा धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आपल्याला अगदी महत्त्वाचे काम दिले असल्याचा भाव होता. धाकटी रिव्हेट रंगांनुसार डब्यांत लावत होती. ते रंगांनुसार नसतात, मापांनुसार असतात, असे तिच्या आईने खाली लिहिले होते.

हे छायाचित्र मात्र मी ताईला दाखवले. तिने चष्मा लावून ते मोठे करून पाहिले, नातीच्या हातमोज्यांविषयी विचारले, आणि मग म्हणाली, "नुसतं शेपूट झाल्यावर नकोसं वाटलं, तर परत इकता येतंय का ते?"

येते, असे मी तिला सांगितले. पुष्कळ जण तेच करतात.